एडिंबरो विद्यापीठातील कृत्रिम बुद्धिमत्ता व यंत्रमानव संशोधन

कृत्रिम बुद्धिमत्ता व यंत्रमानव या विषयांतील ग्रेट ब्रिटनमधील एक अग्रगण्य संशोधन केंद्र. स्कॉटलंडच्या राजधानीतील या विद्यापीठात डॉनल्ड मिची (१९२३–२००७) यांनी १९६३ मध्ये एक लहान संशोधन गट उभा केला. दुसऱ्या महायुद्धात ते ब्लेचली पार्क येथे शत्रूचे सांकेतिक संदेश उकलण्याच्या कामावर होते. तेथे ॲलन ट्यूरिंग (१९१२–५४) यांच्याशी झालेल्या चर्चांतून विचार करणाऱ्या यंत्राची कल्पना त्यांच्या मनात रुजली. संगणक हाताशी नसल्यामुळे १९६१ च्या सुमारास त्यांनी सुमारे तीनशे काड्यापेट्या व रंगीत मणी यांच्या साहाय्याने फुली-गोळा खेळणारी योजना तयार केली. विजयी चालीच्या पेटीत मणी वाढवावयाचे व पराभवी चालीच्या पेटीतून काढून घ्यावयाचे, एवढ्याच नियमाने तिचा खेळ सुधारत जाई.

१९६६ मध्ये मिची, रिचर्ड ग्रेगरी व क्रिस्टोफर लाँग्वेट-हिगिन्स यांनी यंत्रबुद्धी व संवेदन विभाग सुरू केला. फ्रेडी हा यंत्रमानव ही या विभागाची सर्वांत प्रसिद्ध निर्मिती. त्याची चिमट्यासारखी पकड टेबलाच्या वर बसविलेली असे; पकड आडवी सरकविण्याऐवजी खालचे टेबलच सरकविले जाई. टेबलावर ओतलेला लाकडी भागांचा ढीग तो दूरचित्रवाणी कॅमेऱ्याने पाही, सुटे भाग ओळखे, न ओळखता येणारा ढीग पकडीने विस्कटून पुन्हा पाही आणि अखेरीस ते भाग जोडून खेळण्यातील मोटारगाडी किंवा नाव तयार करी. पाहणे, स्पर्शाने चाचपणे व कृतीची आखणी करणे ही तिन्ही कामे येथे एकाच यंत्रणेत आली होती.

या कार्याला लवकरच धक्का बसला. ब्रिटनच्या विज्ञान संशोधन परिषदेने गणितज्ञ जेम्स लाइटहिल (१९२४–९८) यांच्याकडे या क्षेत्राचे मूल्यमापन सोपविले होते. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात औद्योगिक स्वयंचलन व मेंदूचा अभ्यास यांची उपयुक्तता मान्य केली होती; परंतु या दोहोंना जोडणारा सर्वसाधारण यंत्रमानवाचा पूल निष्फळ ठरविला होता. प्रश्न मोठा झाला, की तपासावयाच्या पर्यायांची संख्या बेसुमार वाढते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. तत्कालीन संगणकांची मर्यादित शक्ती पाहता तो निराधार नव्हता. मिची, ग्रेगरी व अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी दूरचित्रवाणीवरील चर्चेत त्याचा प्रतिवाद केला. तथापि अनुदाने आटली व फ्रेडीवरील काम काही वर्षांतच थांबले.

तरीही येथील परंपरा खंडित झाली नाही. रॉबर्ट कोवाल्स्की यांनी तर्कशास्त्रीय विधानांनाच संगणकाच्या आज्ञा मानण्याची पद्धती विकसित केली. तिच्या आधारे मार्सेय येथे प्रोलॉग ही भाषा निर्माण झाली आणि डेव्हिड वॉरन यांच्या एडिंबरोतील भाषांतरक आज्ञावलीमुळे ती वेगवान व व्यवहार्य ठरली. जपानने १९८२ मध्ये सुरू केलेल्या पाचव्या पिढीच्या संगणक प्रकल्पाने तर्काधिष्ठित आज्ञालेखनाचाच पाया स्वीकारला. फारसा कोणाचा विश्वास नसलेल्या कृत्रिम तंत्रिका जालांवर त्याच काळात येथे अभ्यास करणारे जेफ्री हिंटन यांना १९७८ मध्ये डॉक्टरेट मिळाली व २०२४ मध्ये भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा लाभला. फ्रेडी आता एडिंबरो येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तात्कालिक फळावरून मूलभूत संशोधनाचे मोल ठरविणे किती अवघड असते, हे या विद्यापीठाच्या इतिहासावरून दिसून येते.