रिम एक इंच वाढली, मग टायर कोणता?

बालाघाटची गाडी मॅगव्हील, म्हणजे अलॉय रिमा, घ्यायला निघाली की बहुधा रजेगाववरून गोंदियाला जाते, नाहीतर थेट नागपूर गाठते. दुकानात रिमची नक्षी आणि रंग निवडण्यावर घरातला प्रत्येकजण मत देतो. टायरचा आकडा मात्र दुकानदार सांगेल तो. खरा प्रश्न त्या आकड्याचाच आहे आणि गैरसमजही त्याच्याचभोवती जमले आहेत.

मारुती स्विफ्ट घेऊ, कारण ती आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. वरच्या मॉडेलला १८५/६५ आर१५ टायर येतो. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची, अर्थात साईडवॉलची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. शेवटचे १५ हे रिमचे इंच. वरची भिंत, खालची भिंत आणि मधली रिम मिळून चाकाची पूर्ण उंची होते ६२१.५ मिलिमीटर. रिम बदलताना जपायची असते ती ही बेरीज.

"आकडा तोच ठेवा, फक्त १५च्या जागी १६ घ्या." हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो चुकीचा आहे. १८५/६५ आर१६ घेतला तर रिमचा वाढलेला इंच जसाच्या तसा चाकाच्या उंचीत जातो. चाक ६४७ मिलिमीटरचे, म्हणजे चार टक्क्यांनी मोठे होते. पूर्ण स्टीअरिंग कापले किंवा मागे तिघे बसले की टायर आत घासू शकतो. गंगुलपाऱ्याच्या चढावर गाडी जड ओढते, कारण मोठे चाक फिरवायला गिअर तेच आहेत. काटा ८० दाखवतो तेव्हा खरा वेग ८३च्या आसपास असतो. जमिनीपासूनची उंची तरी इंचभर वाढते का? तीही नाही. वाढीचा निम्माच भाग खाली येतो, म्हणजे जेमतेम १३ मिलिमीटर.

अॅव्हरेज पडल्याची तक्रारही इथे तपासून घ्यावी. मोठ्या चाकावर ओडोमीटर १०,००० किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी सुमारे १०,४०० चाललेली असते. म्हणजे त्या तक्रारीत थोडे तेल खरेच जास्त जळालेले असते आणि थोडे किलोमीटर मोजायचेच राहिलेले असतात.

बरोबर जोड अशी: रिम वाढली की भिंत कमी करायची. १९५/५५ आर१६ची बेरीज येते ६२०.९ मिलिमीटर, मूळ चाकापेक्षा अर्ध्या मिलिमीटरनेच कमी. कंपनीही हेच करते. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलचा १६५/८० आर१४ आणि वरच्या मॉडेलचा १८५/६५ आर१५ यांच्या उंचीत दोन मिलिमीटरचाही फरक नाही. तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो असा प्रघात आहे. मी दीड-दोनच्या पुढे जाणार नाही.

"मोठ्या रिमचा टायर जास्त वजन पेलतो." हा गैरसमज मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण दिसायला तो अगदी खरा वाटतो. टायरवर मापानंतर एक आकडा आणि एक अक्षर असते, उदाहरणार्थ ८८ एच. त्यातला ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो. १८५/६५ आर१५ला साधारण हाच आकडा असतो. १९५/५५ आर१६ला तो बहुतेक ८७ असतो, म्हणजे ५४५ किलो. त्याहून ऐटबाज २०५/४५ आर१७ साध्या बांधणीत ८४वर येतो, म्हणजे ५०० किलो. भार हवा पेलते आणि भिंत बुटकी झाली की हवेला जागाच कमी उरते. चार टायर मिळून २४० किलो घटले. स्विफ्टचे भरलेले वजन त्यातही बसते, पण लग्नसराईत पाचच्या गाडीत सात जण आणि वर आहेराची भांडी, त्यात हवा कमी, अशा वेळी ही शिल्लकच कामी येते. मूळ आकड्याच्या खाली जाऊ नये. त्याच मापात जादा भाराची, एक्सएल लिहिलेली बांधणी मिळते, पण तिला हवाही जास्त लागते.

"रुंद टायर म्हणजे जास्त पकड." कोरड्या डांबरावर बऱ्याच अंशी खरे. साचलेल्या पाण्यात उलटे, कारण रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावे लागते आणि तो लवकर तरंगतो. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या पावसाळ्यात याची आठवण ठेवलेली बरी.

"नटाची भोके जुळली, म्हणजे रिम बसली." चार भोके १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर हे माप स्विफ्टलाही चालते आणि आय-ट्वेंटीलाही. पण मधले भोकही पाहावे लागते. स्विफ्टच्या हबला ते ५४.१ मिलिमीटरचे हवे. बाजारातल्या बऱ्याच रिमा ७३.१च्या असतात. मधली फट हब-रिंगने भरली नाही तर रिम नेमकी मध्यावर बसेलच असे नाही आणि कितीही बॅलन्सिंग केले तरी स्टीअरिंग थरथरू शकते. रिमवरचा ईटी हा आकडा ऑफसेट सांगतो. तो ४५वरून ३५वर आला की चाक १० मिलिमीटर बाहेर येते, बेअरिंगवर ताण वाढतो. रिमची रुंदीही बघा: १८५/६५ आर१५ला ५ ते ६.५ इंच रुंदीची रिम चालते. त्याहून रुंद रिमवर ताणून चढवलेला टायर फोटोपुरता.

हवेबद्दल एकच. टायरवर कोरलेला दाब ही कमाल मर्यादा आहे, भरायचा आकडा नव्हे. भरायचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो आणि तो थंड टायरसाठी असतो. मे महिन्यात बैहरहून आल्या आल्या मोजलेली हवा खोटे सांगते.

आता बालाघाटपुरता माझा निवाडा. मूळ टायरला १२० मिलिमीटरची भिंत आहे, १६ इंचीला १०७, १७ इंचीला ९२. खाणींच्या अवजड ट्रकांनी फोडलेल्या रस्त्यांवर खड्ड्याचा मार ही भिंतच झेलते. ती नसली तर टायरला फुगा येतो किंवा अलॉयला चीर जाते, आणि अलॉय लोखंडी रिमसारखी ठोकून सरळ करून वापरण्याची वस्तू नव्हे. म्हणून भाराचा मूळ आकडा राखून एक इंच वाढवणे ठीक, दोन इंच नको. तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी देते ते माप तर सर्वांत निर्धोक.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येऊ शकतो. तेव्हा नवी चाके पॉलिसीत नोंदवून घ्या. आणि गोंदियाला निघण्याआधी दाराच्या स्टिकरचा आणि जुन्या टायरच्या मापाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. दुकानात भाव विचारण्याआधी तोच दाखवा.