दट्ट्या आणि घुमट

जानेवारी २०२३मध्ये वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरला होता. अशा मेळ्यात लोक मडगार्डाच्या चकाकीशेजारी उभे राहून फोटो काढतात. बॉनेटखाली डोकावणारे थोडे. आतला तुटका भाग कुठून आणला, हे विचारणारे त्याहून थोडे. आणला असतो तो बहुधा भंगारातून.

बडोद्याचं मोटारींशी नातं राजवाड्यापुरतं नाही. हिंदुस्तान मोटर्सची सुरुवात १९४२ साली ओखा बंदरात झाली आणि ओखामंडळ तेव्हा बडोदे संस्थानात होतं. १९४८मध्ये कारखाना बंगालात उत्तरपाड्याला गेला. कारागिरीची परंपरा त्याहून जुनी. १८९०मध्ये सयाजीराव महाराजांच्या काळात कलाभवन ही तंत्रशाळा उभी राहिली. मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत आजही लेथ फिरतात. मग मिस्त्री भंगारात का शिरायचा?

उत्तर एसयू कार्ब्युरेटरमध्ये सापडतं. मॉरिस, एमजी, जॅग्वार यांच्या कितीतरी गाड्यांत हा असे. वर ॲल्युमिनियमचा घुमट, त्यात वरखाली होणारा दट्ट्या, दट्ट्याच्या तळाशी निमुळती सुई. इंजिनाने जास्त हवा ओढली की दट्ट्या उचलला जातो, सुई जेट नावाच्या छिद्रातून वर सरकते आणि पेट्रोलची वाट रुंदावते. मधल्या पोकळ दांड्यातलं थोडंसं तेल दट्ट्याची उडी आवरून धरतं.

दट्ट्याची कड घुमटाला टेकत नाही. मधली बारीक फट राखण्यासाठी कारखान्यातच दोघांची जोडी जुळवलेली असते. एकीचा दट्ट्या दुसरीच्या घुमटात घातला तर कधी अडकतो, कधी हवा नको तितकी निसटते. जाणता मिस्त्री दट्ट्याची छिद्रं बुजवतो, जोडी उलटी धरतो आणि घुमट घसरायला किती सेकंद लागतात ते मोजतो. लहान मापाला तीन ते पाच. लवकर घसरला, तर जोडी झिजलेली.

म्हणून भंगारात कार्ब्युरेटर अख्खा मिळण्याला मोल होतं. जुना भंगारवाला गाडी एका दिवसात फोडत नसे. गिऱ्हाईक येईल तसतशी ती सोलली जाई. तोवर ती पावसात पडून राही.

हे पडून राहणंच आता परवडत नाही. शहर वाढलं, जागेचं भाडं वाढलं आणि लोखंड वजनावर लगेच विकलं जातं. त्यात या बाजारांवर चोरीच्या गाड्यांचा डाग. मेरठचा सोतीगंज बाजार त्यापायीच डिसेंबर २०२१मध्ये पोलिसांनी बंद पाडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गांधीनगरच्या गुंतवणूकदार परिषदेत वाहन मोडीत काढण्याच्या राष्ट्रीय धोरणाचा प्रारंभ झाला. नोंदणीकृत केंद्रात आधी तेल, बॅटरी काढून घेतात, मग सांगाडा चेपून वितळायला जातो. हवेसाठी आणि जमिनीसाठी हे बरंच. जुन्या बाजारात तेल थेट मातीत मुरायचं.

या धोरणाच्या प्रारंभाच्या महिनाभर आधी, जुलैत, सरकारने पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. वीस हजार रुपये भरले की दहा वर्षांसाठी 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळतो. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत.

ते मूळ रूप सांभाळायचं कशाने? एसयूचे नवे भाग इंग्लंडमध्ये अजून बनतात. पैसे आणि कस्टमचा खर्च सोसला तर ते घरी येतात. पंचाईत आहे ती इथल्याच गाड्यांची. १९५४च्या हिंदुस्तान लँडमास्टरची दाराची मूठ मकरपुऱ्यात ओतून मिळेलही, पण साचा घ्यायला ओतकाम करणारा आधी एक अख्खी मूठ मागतो.