घरच्या अल्बममध्ये बहात्तरच्या दुष्काळाचा फोटो का नसतो?

फॅमिली ग्रुपवर कुणीतरी एक जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो टाकतं. खाली हात जोडलेले इमोजी पडतात, दोघं-तिघं "किती छान आठवण" म्हणतात आणि विषय तिथंच संपतो. फोटोतली माणसं कोण, हे निम्म्या ग्रुपला माहीत नसतं.

पण सातारा-सांगलीकडचा जुना अल्बम नीट पाहिला, तर त्यात घराचा बराच इतिहास सापडतो. फक्त तो वाचायचा कसा, हे समजून घ्यायला लागतं.

फोटो निघायचा कधी?

पूर्वी फोटो काढायचा म्हणजे तालुक्याच्या गावी स्टुडिओत जायचं. मागं रंगवलेला पडदा, बाजूला खुर्ची आणि फुलदाणी. जाण्यायेण्याचा खर्च वेगळा, फोटोचे पैसे वेगळे. त्यामुळे फोटोला कारणही तसंच लागायचं. घरातलं लग्न, पोरगा पलटणीत भरती झाला, किंवा मुंबईच्या गिरणीत चिकटला.

सातारा तालुक्यातलं अपशिंगे हे गाव 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. अशा भागात वर्दीतला फोटो भिंतीवर दिसणं साहजिक आहे.

थोडक्यात, अल्बममध्ये घराचे बरे दिवस असतात. वाईट दिवस असतात ते दोन फोटोंच्या मधल्या रिकाम्या वर्षांत.

रिकामी वर्षं कशी वाचायची?

समजा, एक फोटो १९७० च्या लग्नाचा आहे आणि त्यानंतरचा थेट १९७७ चा. मधल्या काळात काय झालं? माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यातलं घर असेल, तर पहिला प्रश्न १९७२ च्या दुष्काळाचा विचारायचा. लोक तेव्हा खडी फोडायला आणि तलावाच्या कामावर जात होते. खायला अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सरकारनं वाटलेली सुकडी होती. अशा दिवसांत स्टुडिओत कोण जाणार?

अशीच आणखी काही वर्षं लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

१९४२ नंतरची चार वर्षं प्रतिसरकारच्या चळवळीची. घरातला माणूस भूमिगत असेल, तर तो फोटो काढायला बसत नाही.

१९४८. गांधीजींच्या हत्येनंतर या भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. त्या जळितात घराबरोबर कागदपत्रं आणि फोटोही गेले.

पन्नास-साठचं दशक. कोयना धरणात जावळी-पाटणकडची गावं बुडाली. काही कुटुंबं पार ठाणे-रायगडकडे जाऊन वसली.

११ डिसेंबर १९६७. पहाटे कोयनेचा भूकंप झाला, सुमारे १८० माणसं गेली आणि हजारो घरं पडली.

१८ जानेवारी १९८२. मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. दर महिन्याला गावी येणारी मनीऑर्डर कित्येक घरांत थांबली ती थांबलीच.

फोटोच्या मागं बघा

फोटोवर तारीख नसली, तरी मागचा पत्ता कामाला येतो. तासगाव, वाळवा किंवा खानापूरकडचं गाव असून 'जिल्हा सातारा' लिहिलं असेल, तर ते बहुधा १९४९ च्या आधीचं. 'दक्षिण सातारा' असेल, तर १९४९ ते १९६० मधलं. कारण १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं गेलं. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर ते लिखाण १५ ऑगस्ट १९७२ नंतरचंच, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. मात्र मागचा मजकूर नंतरही लिहिलेला असू शकतो, म्हणून अंगावरचे कपडे आणि पोरांची वयंही ताडून बघायची.

आजीला काय विचारायचं?

"तेव्हा कसं होतं?" असं विचारलं, की "होतं आपलं" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा फोटो हातात देऊन बारीक प्रश्न विचारा. हे लुगडं कुणाचं? दागिने घरचे की मागून आणलेले? यात कोण नाही, आणि का नाही? माहेरी तुला काय नावानं हाक मारायचे?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. लग्नात नाव बदललेल्या बायकांचं पहिलं नाव अनेकदा फक्त त्यांनाच आठवत असतं. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण ग्रुपवर टाकण्याआधी त्यांना विचारा. काही गोष्टी सांगायच्या असतात, पसरवायच्या नसतात.

आजच करण्यासारखं काय?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. घरं चिखलानं भरली, तिथं कपाटातले अल्बमही सुटले नाहीत.

म्हणून खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता प्रत्येक फोटोचा मोबाइलवर फोटो काढा. मागच्या बाजूचाही काढा. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट टिपा. मूळ फोटोमागं लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं. एआयनं रंगवलेला फोटो टाकलात, तर तसं नमूद करा. त्यातला लुगड्याचा रंग हा अंदाज असतो, आठवण नव्हे.

फोटो भिजले, तर एकमेकांपासून ओरबाडून काढू नका. स्वच्छ गार पाण्यात सुटे करा आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. उन्हात ते वाकडे होतात.

पुढच्या वेळी ग्रुपवर फोटो टाकताना खाली चार गोष्टी लिहा: कोण, कुठं, कधी, आणि त्या वर्षी घरात काय चाललं होतं. पहिल्या तीन गोष्टी कदाचित फोटोवरून कळतील. चौथी फक्त माणूस सांगू शकतो, आणि बहात्तर साली कामावर गेलेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.