विश्लेषण : बाळाच्या पोटात गाठ लागली तर? लहान मुलांच्या किडनीच्या कर्करोगाचे निदान कसे होते?

आंघोळ घालताना आईच्या हाताला बाळाच्या पोटात एका बाजूला काहीतरी टणक लागते. बाळ खेळते, जेवते, दुखत असल्याचेही सांगत नाही. ‘जंत झाले असतील’, ‘गॅस धरला असेल’ म्हणत आठवडे निघून जातात. लहान मुलांमधील किडनीचा कर्करोग अनेकदा असाच लक्षात येतो.

यात सर्वाधिक मुले ‘विल्म्स ट्यूमर’ची असतात. जर्मन शल्यचिकित्सक मॅक्स विल्म्स यांनी १८९९ मध्ये या गाठींवर ग्रंथ लिहिला, त्यावरून हे नाव पडले. बहुतेक रुग्ण पाच वर्षांच्या आतले. प्रगत देशांत ९० टक्क्यांच्या आसपास मुले बरी होतात. आपल्याकडे उशिरा निदान आणि अर्ध्यावर सोडलेले उपचार आडवे येतात.

हा कर्करोग होतो कशामुळे?

तंबाखूचा किंवा खाण्यापिण्याचा इथे संबंध नाही. गर्भात किडनी तयार होताना काही पेशी अपरिपक्वच राहतात आणि पुढे त्यांचे विभाजन थांबत नाही. पेशींना परिपक्व करणारे ‘डब्ल्यूटी१’ हे जनुक ११ व्या गुणसूत्रावर असते. ते १९९० मध्ये सापडले, मात्र त्यात बिघाड असलेल्या गाठी साधारण १० ते २० टक्केच. आजार आनुवंशिक असण्याचे प्रमाण फारच कमी, त्यामुळे ‘कुणाकडून आला’ हा घरातला वाद निरर्थक ठरतो. जन्मतः डोळ्यातील बुबुळाचा रंगीत पडदा नसणे किंवा शरीराची एक बाजू मोठी असणे अशी लक्षणे असतील, तर मात्र बाळाची दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करण्याचा सल्ला दिला जातो.

जनुकीय तपासणी कशासाठी?

आधी सोनोग्राफी, मग पोटाचा आणि छातीचा सीटी स्कॅन. छातीचा अशासाठी, की हा आजार फुप्फुसात पसरतो. गाठ फुटण्याचा धोका असल्याने पोट पुन्हा पुन्हा दाबून पाहू नये, हे घरच्यांनाही लागू आहे.

खरी कसोटी पॅथॉलॉजिस्टची. सूक्ष्मदर्शकाखाली ‘क्लिअर सेल सार्कोमा’ आणि ‘रॅब्डॉइड ट्यूमर’ कधी कधी विल्म्ससारखेच दिसतात, पण त्यांची औषधे वेगळी आणि रॅब्डॉइड तर कितीतरी आक्रमक. रॅब्डॉइडमध्ये ‘एसएमएआरसीबी१’ जनुक निकामी झालेले असते. त्याचे प्रथिन पेशीत उरत नाही आणि विशिष्ट रंगचाचणीत ते गायब दिसते. क्लिअर सेलमध्ये बहुधा ‘बीकॉर’ जनुकाचा एक तुकडा दुप्पट झालेला आढळतो. विल्म्समध्येही पहिल्या गुणसूत्राच्या लांब भुजेची जादा प्रत असेल, तर आजार उलटण्याची शक्यता वाढते.

उपचारांचा क्रम सगळीकडे सारखा नाही. अमेरिकेत सहसा आधी शस्त्रक्रिया होते, तर युरोपात आधी काही आठवडे केमोथेरपी देऊन गाठ लहान केली जाते. भारतात गाठी मोठ्या होऊन येतात, त्यामुळे दुसरा मार्ग अनेकदा सोयीचा ठरतो.

नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे कर्करोग उपचार आणि संशोधन केंद्र आहे. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. बाहेर आधीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर मोठ्या रुग्णालयात जाताना केवळ रिपोर्ट नेऊन भागत नाही. गाठीचे ब्लॉक आणि स्लाइड्स पहिल्या रुग्णालयाकडून मागून घ्याव्या लागतात, कारण या चाचण्या त्यांच्यावरच होतात.