काउंट आले, पण ओळख पुसली

मूळपेशी प्रत्यारोपणात मुलाच्या दर किलो वजनामागे साधारण 50 लाख मूळपेशी देतात. मूल वीस किलोचं असेल तर दहा कोटी! 2011च्या जनगणनेत जालना जिल्ह्यात माणसं होती 19 लाख 59 हजार. आठही तालुक्यांच्या पन्नास पट वस्ती एका पिशवीतून थेंबथेंब शिरेत उतरते.

दोन-चार आठवड्यांत रक्तातल्या पेशी वाढू लागतात आणि ‘काउंट आले’ म्हणून नातेवाइकांचे फोन फिरतात. खरी कसोटी मात्र पुढेच. पेशी संख्येने वाढल्या तरी विषाणू ओळखणाऱ्या टी-पेशी सावरायला सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं.

शत्रू बहुधा घरचाच असतो. सीएमव्ही हा विषाणू आपल्याकडे दहातल्या नऊ प्रौढांच्या अंगात निमूट पडून असतो. एका मिलिमीटरात पाच हजार मावतील एवढा बारीक. पहारा उठला की तो साधारण दिवसाला दुप्पट होऊ शकतो: दहा दिवसांत एकाचे हजार, वीस दिवसांत दहा लाख. म्हणून निदान पहिले शंभर दिवस दर आठवड्याला जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतात आणि विषाणूच्या प्रती मोजतात. आकडा ठरलेली रेषा ओलांडू लागला की ताप नसतानाही औषध सुरू. तापाची वाट पाहत बसलं तर विषाणू फुप्फुसात उतरलेला असतो.

देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा रुग्णालयात 1983 साली डॉ. सुरेश अडवाणींनी केलं, नऊ वर्षांच्या मुलीवर. अडवाणींना स्वतःला आठव्या वर्षी पोलिओने गाठलं होतं. आज टाटाचं प्रत्यारोपण केंद्र खारघरला आहे, जालन्यापासून चारशे किलोमीटरच्या आसपास.

तिथून मूल गावी परततं तेव्हा आधीच्या लसींचा भरवसा उरलेला नसतो. गोवराचा एक रुग्ण लस नसलेल्या 12 ते 18 जणांना लागण देतो, विषाणू हवेत दोन तास टिकतो. आणि या मुलाला गोवराची लस दोन वर्षं तरी देता येत नाही. तोवर त्याची ढाल म्हणजे घरातली माणसं. भावंडांच्या लसी पूर्ण करा, मोठ्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. एक गोष्ट मात्र उलटी: पोलिओच्या थेंबांत जिवंत विषाणू असतो, तो शौचावाटे काही आठवडे बाहेर पडतो. त्यामुळे धाकट्याला बूथवर नेण्याआधी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारा, आणि आशाताईंना घरची परिस्थिती सांगून इंजेक्शनची लस मागा.