घराच्या बदल्यांत घर

बिऱ्हाड बदलण्याची गरज शहरांत राहणाऱ्या माणसाला समजावून सांगावी लागत नाहीं. मुलें वाढलीं कीं दोन खोल्या अपुऱ्या पडतात. तींच मुलें आपापल्या संसाराला लागलीं कीं त्याच खोल्या ओस वाटूं लागतात. नोकरी एका टोकाला आणि बिऱ्हाड दुसऱ्या टोकाला, किंवा गुडघे थकलेले आणि घर तिसऱ्या मजल्यावर, अशी कुचंबणा कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला येतेच. ज्याचें घर स्वतःच्या मालकीचें आहे तो तें विकून दुसरें घेतो. पण ज्याचें घर सार्वजनिक संस्थेचें आहे, आणि जो त्यांत माफक भाड्यानें राहतो, त्यानें काय करावें? त्याला तें विकतां येत नाहीं, आणि सोडलें तर तसें दुसरें मिळेल याची शाश्वती नाहीं. इंग्लंडांत या प्रश्नाला एक उत्तर काढण्यांत आलें आहे, तें असें कीं दोन भाडेकरूंनीं आपसांत घरांची अदलाबदल करावी. ही अदलाबदल हल्लीं बहुतांशीं इंटरनेटवरील संकेतस्थळांच्या द्वारें जुळते. तिला खर्च काय येतो आणि तिच्या अटी कोणत्या, हें आज आपण पाहूं. स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथील नियम थोडेफार वेगळे आहेत. माझें विवेचन इंग्लंडपुरतें आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमि. पहिलें महायुद्ध संपल्यावर १९१९ सालीं, डॉ. ॲडिसन या मंत्र्यांच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा झाला, आणि सरकारी पैशाच्या आधारानें सामान्य लोकांसाठीं घरें बांधण्याचें काम तेथील नगरसंस्थांवर सोंपविण्यांत आलें. नफ्यासाठीं न चालणाऱ्या गृहसंस्थांचाही या कामांत मोठा वाटा आहे. आज एकट्या इंग्लंडांत सुमारें ४० लाख कुटुंबें अशा घरांतून राहतात. पण मागणी त्याहूनही मोठी आहे. २०२४ सालीं नगरसंस्थांच्या प्रतीक्षायाद्यांवर १३ लाखांहून अधिक कुटुंबांचीं नांवें होतीं. तेव्हां, "मला तळमजल्यावरचें घर द्या" असा अर्ज करून जो भाडेकरू स्वस्थ बसेल, त्याला कित्येक वर्षें तसेंच बसावें लागण्याचा संभव असतो.

या रांगेला बगल देणारी वाट म्हणजे अदलाबदल. १९८५ च्या गृहनिर्माण कायद्याचें ९२ वें कलम नगरसंस्थेच्या कायम भाडेकरूला असा हक्क देतें कीं, मालकसंस्थेच्या लेखी संमतीनें त्यानें आपला भाडेकरार दुसऱ्या तशाच भाडेकरूच्या नांवें करून द्यावा व त्याचा आपल्या नांवें करून घ्यावा. गृहसंस्थांच्या बहुतेक भाडेकरूंनाही करारान्वये अशी मुभा असते. खाजगी मालकाच्या घरांत राहणाराला मात्र ती नाहीं. आणि सार्वजनिक घरांत नवा आलेला भाडेकरू पहिल्या, परीक्षेच्या वर्षांत असेल तर त्यालाही सामान्यतः थांबावें लागतें.

हक्क मिळाला, पण जोडीदार शोधावा कोठें? पूर्वीं लोक दुकानाच्या कांचेवर चिठ्ठी डकवीत, किंवा स्थानिक वर्तमानपत्रांत चार ओळींची जाहिरात देत. आतां हें काम होमस्वॅपर, हाउस एक्स्चेंज यांसारखीं संकेतस्थळें करतात. त्यांची रीत आपल्याकडील वधूवरसूचक मंडळासारखी आहे. भाडेकरूनें आपल्या घराची माहिती द्यावयाची, म्हणजे खोल्या किती, मजला कोणता, भाडें काय, आणि आपल्याला कोणत्या गांवीं कसलें घर हवें तें सांगावयाचें. ज्याला आपलें घर हवें आहे आणि ज्याचें घर आपल्याला हवें आहे असा माणूस यंत्र शोधून काढतें. दोघांचें थेट जुळलें नाहीं तर तिघांची किंवा चौघांची सांखळीही जुळवितां येते. पहिल्याचें घर दुसऱ्याला, दुसऱ्याचें तिसऱ्याला आणि तिसऱ्याचें पहिल्याला असा तो फेरा असतो. २०११ च्या ऑक्टोबरांत सरकारनें होमस्वॅप डायरेक्ट या नांवाची योजना काढून अशा चार सेवांच्या याद्या एकमेकींशीं जोडल्या, तेव्हांपासून शोधाचें क्षेत्र बरेंच विस्तारलें.

आतां शुल्काचा प्रश्न. वधूवरसूचक मंडळाप्रमाणें येथेंही नांवनोंदणीला पैसे पडतात काय? बहुतेकांना पडत नाहींत, आणि पडूं नयेत असा नियमच आहे. इंग्लंडमधील गृहसंस्थांच्या नियामकानें २०१२ सालीं घालून दिलेला दंडक असा होता कीं, मालकसंस्थेनें एखाद्या अदलाबदल-सेवेची वर्गणी स्वतः भरावी, म्हणजे तिच्या भाडेकरूंना नोंदणी फुकट होईल. सेवेची सामुदायिक वर्गणी भरावयाची नसेल तर इच्छुक भाडेकरूची वर्गणी तिनें द्यावी, असा पर्यायही त्यांत होता. २०२४ पासूनचा नियम एवढेंच सांगतो कीं, संस्थेनें भाडेकरूंना अदलाबदलीची सेवा विनाशुल्क उपलब्ध करून द्यावी. इतकेंच नव्हे, तर ज्यांना इंटरनेट वापरतां येत नाहीं त्यांना संस्थेनें वाजवी मदतही केली पाहिजे. ज्याची मालकसंस्था एखाद्या संकेतस्थळाची वर्गणीदार नाहीं, त्याच्याकडून मात्र तें संकेतस्थळ कांहीं पौंड शुल्क मागतें. म्हणून पैसे भरण्यापूर्वीं मालकसंस्थेच्या कचेरींत एक साधा प्रश्न विचारावा, "आपण कोणत्या सेवेचे वर्गणीदार आहां?" या एका प्रश्नानें पुष्कळांची वर्गणी वांचते.

ज्याला शुल्क भरावेंच लागतें त्यानें दोन गोष्टी पाहाव्या. वर्गणी मुदत संपतांच आपोआप चालू राहते काय, ही पहिली. घर मिळाल्यानंतरही बँकेंतून पैसे जात राहणें यासारखी निष्कारण नुकसानी नाहीं. दुसरी म्हणजे करार रद्द करण्याची मुभा. दूर बसून केलेल्या अशा करारांतून १४ दिवसांच्या आंत माघार घेण्याचा हक्क ग्राहकाला तेथील कायद्यानें सामान्यतः असतो. मात्र सेवा लगेच सुरू करून घेतली असेल तर वापराच्या प्रमाणांत रक्कम द्यावी लागूं शकते. आणि एक सावधगिरी म्हणून जाहिरातींत घराचा क्रमांक किंवा आपण घरीं नसण्याच्या वेळा लिहूं नयेत.

परंतु संकेतस्थळाचें शुल्क हा या व्यवहारांतील सर्वांत लहान खर्च होय. मंडळानें स्थळ दाखविलें म्हणजे लग्न लागलें असें होत नाहीं. संकेतस्थळ गांठ घालून देतें. घराच्या स्थितीची, कराराची किंवा संमतीची हमी तें घेत नाहीं. खरा खर्च पुढें आहे, आणि तो तीन ठिकाणीं दडलेला असतो.

पहिलें ठिकाण भाडें. अदलाबदलींत माणूस दुसऱ्याच्या घराबरोबर सामान्यतः त्याचा भाडेकरारही घेतो, आणि त्यांतील भाडें त्याच्या माथीं येतें. सार्वजनिक घरांचीं भाडीं सर्वत्र एका मापाचीं नसतात. जुन्या पद्धतीचें सामाजिक भाडें कमी असतें. २०११ पासून सुरू झालेलें तथाकथित परवडणारें भाडें बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत जाऊं शकतें. समजा, नव्या घराचें भाडें आठवड्याला ३० पौंडांनीं अधिक आहे. वर्षाच्या ५२ आठवड्यांचे १,५६० पौंड झाले. संकेतस्थळाच्या चार पौंडांसाठीं घासाघीस करणाऱ्या माणसानें हा आंकडा प्रथम मांडला पाहिजे. उलट बाजूनें, अदलाबदल न करण्यालाही किंमत असते. २०१३ च्या एप्रिलपासून, कामाच्या वयाचा जो भाडेकरू सरकारी भाडेसाहाय्य घेतो, त्याच्याकडे निजण्याची एक खोली गरजेहून अधिक असली तर भाड्याच्या १४ टक्के, आणि दोन वा अधिक असल्या तर २५ टक्के रक्कम साहाय्यांतून कापली जाते. आठवड्याचें भाडें १२० पौंड धरलें तर ही कपात अनुक्रमें १६ पौंड ८० पेन्स आणि ३० पौंड होते. मुलें घर सोडून गेलेल्या बाईला लहान घर हवें असतें तें पुष्कळदां याच कारणानें. आणि तिच्या मोकळ्या खोल्यांची वाट पाहणारें एखादें लेंकुरवाळें कुटुंब दुसरीकडे दाटीवाटीनें राहत असतें.

दुसरें ठिकाण हक्कांचें. भाडेकरार आजन्म आहे कीं मुदतीचा, हें पाहिल्यावांचून सही करूं नये. २०११ च्या लोकलिझम कायद्यानें नगरसंस्थांना ठराविक मुदतीचे करार करण्याची मुभा दिली. १ एप्रिल २०१२ पूर्वींच्या आजन्म भाडेकरूनें मुदतीच्या भाडेकरूशीं अदलाबदल केली तर त्याची जुनी शाश्वती राखावी अशी तरतूद त्याच कायद्यांत आहे. पण परवडणाऱ्या भाड्याच्या मुदती करारांसारख्या कांहीं प्रकारांना ती लागू नाहीं. शिवाय, राहतें घर सवलतीनें विकत घेण्याचा जो हक्क नगरसंस्थेच्या भाडेकरूंना १९८० च्या कायद्यानें मिळाला, तो गृहसंस्थेच्या घरांत गेल्यावर सामान्यतः उरत नाहीं. अशा रीतीनें एक खोली मिळवितांना माणूस आयुष्यभराचें छप्पर गमावून बसूं शकतो, आणि तें त्याच्या ध्यानांतही येत नाहीं.

तिसरें ठिकाण म्हणजे प्रत्यक्ष वास्तु. अदलाबदलीचें घर जसें असेल तसें स्वीकारावयाचें असतें. मूळ दुरुस्तीची आणि गॅसच्या तपासणीची जबाबदारी मालकसंस्थेवरच राहते. परंतु आधींच्या बिऱ्हाडानें भिंतीचा रंग बिघडविला, दार फोडलें, अंगणांत अडगळ ठेवली, तर तें निस्तरणें बहुधा नव्या माणसाकडे येतें. सामान वाहून नेण्याची गाडी, जमिनीवरचे गालिचे, पडदे, कांहीं ठिकाणीं आगाऊ द्यावयाचें भाडें आणि दुसऱ्या गांवचा निराळा स्थानिक कर हे खर्च निराळेच. म्हणून घर एकदां नव्हे, दोनदां पाहावें. त्यांतलें एकदां दिवसाउजेडीं.

आतां संमतीची अट. अर्ज आल्यापासून ४२ दिवसांच्या आंत नगरसंस्थेनें उत्तर दिलें पाहिजे, आणि नकार द्यावयाचा तर कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टांतील कारणच दिलें पाहिजे. घर त्या कुटुंबाला फाजील मोठें आहे, किंवा फार अपुरें आहे. अपंगांसाठीं मुद्दाम केलेल्या घरांत अपंग कोणीच राहणार नाहीं. भाडेकरूविरुद्ध ताब्याची कारवाई चालू आहे, अशीं तीं कारणें आहेत. मुदत टळून गेली कीं त्या कारणांचाही आधार संस्थेला घेतां येत नाहीं. भाडें थकलें असेल तर तें फेडण्याची अट घालतां येते. लेखी संमति हातीं येण्यापूर्वीं सामान हलविणें मात्र फार घातक. तसें करणारा दोन्हीं घरांना पारखा होण्याची भीति असते.

सर्वांत महत्त्वाची अट शेवटीं सांगतों. या व्यवहारांत एका भाडेकरूनें दुसऱ्याला पैसे द्यावयाचे नाहींत. आपल्याकडील भाषेंत सांगावयाचें तर पागडी नाहीं. नगरसंस्थेच्या भाडेकरूनें अदलाबदलीसाठीं अशी रक्कम दिली किंवा घेतली असें सिद्ध झालें, तर १९८५ च्याच कायद्यान्वये न्यायालय योग्य वाटल्यास त्याला घराबाहेर काढूं शकतें. आणि हा धोका देणाऱ्यालाही आहे, घेणाऱ्यालाही आहे. "वर दोन हजार द्या, मग घर देतों" असें कोणी म्हणाला तर तेथूनच परत फिरावें.

मुंबईकर श्रोत्यांना या नियमाचें विशेष वाटेल. आपल्याकडे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें पागडीला मनाई केली होती, तरी ती चाळीचाळींतून चालतच राहिली, आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानें भाडेकरूचा हक्क सोडण्याबद्दल वा हस्तांतरित करण्याबद्दल रक्कम घेणें अखेर कायदेशीर ठरविलें. दोन्हीं ठिकाणची परिस्थिति भिन्न आहे. आपल्याकडील चाळींचे मालक खाजगी होते. तेथील घर लोकांच्या पैशानें, गरजूंसाठीं उभें राहिलेलें असतें. त्याच्या अदलाबदलींत पागडी शिरली, तर ज्याची गरज मोठी त्याच्याऐवजीं ज्याची थैली मोठी त्याला घर मिळेल, आणि तीं घरें ज्या हेतूनें बांधलीं तो हेतूच बुडेल.

अदलाबदलीनें एक नवी वीटही रचली जात नाहीं, आणि १३ लाखांची रांग तिनें ओसरणार नाहीं. परंतु एकीकडे रिकाम्या खोल्या व दुसरीकडे गर्दी, हा विसंवाद ती कांहीं अंशीं दूर करते. ज्या कोणाचे आप्त इंग्लंडांत अशा घरांतून राहत असतील त्यांनीं त्यांना इतकें अवश्य कळवावें कीं, संकेतस्थळाच्या वर्गणीबद्दल मालकसंस्थेला विचारा, भाडेकरार अथपासून इतिपर्यंत वाचा, कोणाला वरकड पैसे देऊं नका, आणि संमतीचा कागद हातांत पडल्यावरच ट्रंका बांधा.