प्रकल्प-अहवाल : आकड्यामागची हकीकत

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प-अहवाल कशासाठी लिहायचा? गुणांसाठी, असे विद्यार्थी म्हणेल. आमच्या मते अहवालाची कसोटी वेगळी आहे. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी कोणालाही न विचारता, केवळ अहवाल वाचून तोच प्रयोग पुन्हा करू शकेल का? करू शकला तर तो एक पाऊल पुढे जाईल. नाहीतर पुन्हा श्रीगणेशा!

नाशिकचेच उदाहरण घेऊ. एकलहरे येथील औष्णिक वीजकेंद्रात दगडी कोळसा जळून बारीक राख उरते. काँक्रीटमध्ये सिमेंटच्या काही भागाऐवजी ही राख वापरता येते. स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हा विषय आवाक्यातला आहे. १५० मिलिमीटर बाजूचे क्यूब ओतायचे, पाण्यात ठेवायचे आणि ठरल्या दिवशी दाबयंत्राखाली फोडायचे.

समजा, एका गटाने निष्कर्ष लिहिला : ‘राखेमुळे काँक्रीटची ताकद घटते.’ दुसऱ्याने लिहिले : ‘वाढते.’ दोघेही प्रामाणिक असू शकतील! सिमेंट व पाणी यांच्या रासायनिक क्रियेत चुना मोकळा होतो. राखेतील सिलिका या चुन्याशी संयोग पावून सिमेंटसारखेच बांधून ठेवणारे द्रव्य बनवते, पण सावकाश. म्हणून ७ व्या दिवशी राखेचे क्यूब सहसा मागे पडतात. ९० दिवसांनी ते बरोबरी करतात, कधी पुढेही जातात. तेव्हा क्यूबचे वय, राखेचे प्रमाण, पाण्याचे प्रमाण आणि राख कोठून व केव्हा आणली, हे न लिहिलेला आकडा निरर्थक ठरतो.

आता दुसरा प्रश्न. तीन क्यूबची ताकद दर चौरस मिलिमीटरला २४, २५ आणि १८ न्यूटन आली, असे धरू. सरासरी २२.३. भारतीय मानकानुसार एकेका क्यूबचा फरक सरासरीच्या १५ टक्क्यांहून अधिक नसावा. येथे १८ चा फरक १९ टक्क्यांवर जातो. अशा वेळी १८ हा आकडा गुपचूप गाळून २४.५ सरासरी लिहिण्याचा मोह होतो. योग्य मार्ग असा : तिन्ही आकडे द्यावेत, हा संच मानकात बसत नाही असे स्पष्ट म्हणावे, फुटलेल्या क्यूबमध्ये पोकळ्या दिसल्या का ते नोंदवावे आणि नवे क्यूब ओतून पुन्हा चाचणी घ्यावी. काँक्रीट नीट ठासले गेले नव्हते, हे अशा नोंदीतूनच उमगते.

ही काटेकोरपणाची हौस नव्हे. नाशिकमध्ये १९५९ पासून महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच ‘मेरी’, कार्यरत आहे. अशा संस्थांच्या चाचण्यांवर धरणांची कामे अवलंबून असतात. धरणावरचा अभियंता क्यूब फुटताना पाहत नाही. त्याच्या हाती येतो तो अहवाल. त्यातून एक आकडा गाळला गेला, तर धोका कोणाला, हे सांगायला नकोच.

लिहिण्याची रीत सोपी आहे. नोंदवही रोज, तारखेसह लिहावी. खोडलेला आकडाही वाचता यावा. काय केले, काय दिसले आणि त्यावरून काय वाटते, ही तीन प्रकरणे वेगळी ठेवावीत. निष्कर्ष जेवढे मोजले तेवढ्यापुरताच असावा. २८ दिवसांच्या चाचणीवरून इमारतीच्या आयुष्याबद्दल बोलू नये. प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहावी, म्हणजे ती जुन्या अहवालातून उतरवण्याची गरज पडत नाही.

शिक्षकांना एक उपाय सुचवतो. नव्या गटाला पहिल्याच आठवड्यात गेल्या वर्षीचा एक अहवाल द्यावा आणि त्यातील एकच चाचणी जशीच्या तशी करायला सांगावी. कोणती माहिती सापडली नाही, याची यादी विद्यार्थी स्वतःच करतील. त्यांनी आपल्या अहवालात काय लिहायचे, ते त्या यादीतच आले.